मोजणीचं मशीन

संस्थेच्या हिशेबाचा एक नियम होता. पाच हजारांच्या वरची कुठलीही वस्तू घ्यायची, तर तीन दुकानांची कोटेशनं मागवायची आणि त्यांतलं सर्वांत कमी दराचं निवडायचं. खुर्च्या, पंखे, सतरंज्या यांच्यासाठी हा नियम उत्तम चालतो. जीपीएस यंत्रं घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र एका दुकानाने तेरा हजारांचं कोटेशन दिलं, दुसऱ्याने बत्तीस हजारांचं आणि तिसऱ्याने साडेसहा लाखांचं. तिन्ही कागदांवर वस्तूचं नाव एकच : ‘जीपीएस यंत्र, १ नग’. हिशेब बघणारे काका म्हणाले, “ताई, आधी तुम्हाला काय पाहिजे ते तर लिहा. स्वस्त-महाग मग ठरवू.”

खरेदीचं ते एक पान लिहिताना जे कळत गेलं, ते कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि खोक्यावरही छापलेलं नव्हतं.

आमचं काम नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीचा हक्क मागता येतो. जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे येतो. समिती जागेवर जाऊन पाहणी करते, नकाशा तयार होतो, मग कागद उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातात. या सगळ्या प्रवासात क्षेत्राचा आकडा पहिल्यांदा लिहिला जातो तो शेताच्या बांधावर. पुढे प्रत्येक टेबलावर त्याचीच नक्कल होत राहते. दोरीने किंवा पावलांनी मोजलेला आकडा असला की वरच्या टेबलावर त्यावर हमखास बोट ठेवलं जायचं, म्हणून मशीन हवं होतं. पाड्यावर त्याला जीपीएस कुणी म्हणत नाही. सगळ्यांचं ते मशीनच.

साडेसहा लाखांचं होतं ते रोव्हर. भूमी अभिलेख खात्याचे भूकरमापक हल्ली मोजणीला दांडीवर बसवलेला रिसीव्हर आणतात, त्या जातीचं. अचूकता सेंटिमीटरमध्ये. मोह पडावा असंच यंत्र. पण ते एकटं काम करत नाही. जिची जागा पक्की ठाऊक आहे अशा एका ठिकाणी दुसरा रिसीव्हर कायम उभा असतो. उपग्रहांच्या संदेशांत त्या घडीला किती चूक येते आहे ते तो काढतो आणि ती दुरुस्ती मोबाइल नेटवर्कवरून रोव्हरला सतत पुरवतो. आमच्या कित्येक पाड्यांवर फोन लावायचा तर टेकडीवरच्या ठरावीक दगडावर जाऊन उभं राहावं लागतं. नेटवर्क नसेल तर स्वतःचा दुसरा रिसीव्हर न्यायचा. म्हणजे त्याची तिवई, बॅटऱ्या, राखणीला एक माणूस, आणि हे सगळं घेऊन दोन नाले ओलांडायचे. शिवाय आमचं भांडण कधी वितीचं नव्हतंच. पाच एकर कसणाऱ्याच्या हातात दोन एकरांचा कागद पडतो, हे आमचं दुखणं होतं. काकांनी त्या कोटेशनवर आडवी रेघ मारली.

उरली दोन हाती यंत्रं. आणि आमच्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन, कारण तो ठासून म्हणत होता, “ताई, फोनमध्ये सगळं येतं. यावर पैसे घालवूच नका.”

तिघांची परीक्षा घ्यायला आश्रमशाळेचं मैदान निवडलं. तीन-चार-पाचच्या हिशेबाने काटकोन साधून टेपने ६० मीटर बाय ४० मीटरचा आयत आखला, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. क्षेत्र २,४०० चौरस मीटर म्हणजे २४ आर, गुंठ्यांत पावणेचोवीसच्या आसपास. मग एकाच वेळी, एकामागोमाग एक, तिन्ही यंत्रं घेऊन कडेने चाललो. एकाच वेळी चालणं महत्त्वाचं, कारण उपग्रह फिरते असतात. सकाळी एका यंत्राला मिळालेलं आकाश दुपारी दुसऱ्याला मिळत नाही. दोन्ही हाती यंत्रांचे आकडे २३ ते २५ आर यांच्या मध्ये आले. फोनचा आकडा एका फेरीला अगदी नेमका आला आणि दुसऱ्या फेरीला चांगलाच कमी भरला. नकाशा उघडून पाहिला तर आमचे दोन कोपरे त्याने गोल करून टाकले होते. माणूस कोपऱ्यावर रेंगाळला की फोन त्याला थांबलेला समजतो आणि रेघ आपल्या मनाने सरळ करून घेतो. गाडीने रस्त्यावर जाणाऱ्यासाठी ही सोय आहे. वाकड्यातिकड्या बांधावरून दगड चुकवत चालणाऱ्यासाठी ती अडचण होते.

याच मैदानावर मला खोक्यावरच्या ‘तीन मीटर अचूकते’चा अर्थ उमगला. एका फेरीत यंत्राची चूक साधारण एकाच दिशेला राहते. सगळं शेत नकाशावर तीन मीटर पूर्वेला सरकलं, तरी त्याचं क्षेत्र बदलत नाही. म्हणून जागा दाखवण्यात जरा ढिलं असलेलं यंत्रही क्षेत्र बऱ्यापैकी बरोबर सांगतं. पण चूक जर चारी बाजूंना बाहेर पसरली तर हिशेब वेगळा होतो. एक एकराचं चौरस शेत धरा, बाजू सुमारे ६४ मीटर. चहूकडून एकेक मीटर वाढला तर अडीच गुंठे वाढतात, म्हणजे शेकडा सहा. चार हेक्टरांच्या चौरसात तीच चूक आठ आर वाढवते, शेकडा दोनच. शेत जितकं लहान, तितकं मशीन बेभरवशाचं. म्हणून त्या पानावर मी पहिली ओळ लिहिली ती मशीनची नव्हे. ‘५० मीटरचा टेप, २ नग. घराची जागा, खळं, परसबाग टेपनेच मोजावी.’ काकांना ती ओळ फार आवडली, कारण टेप स्वस्त होता.

दुसरी गोष्ट उताराची. सातपुड्यात सपाट शेत म्हणजे नशीब. शेतकरी आपलं रान बियाण्याच्या मापाने ओळखतो. एवढ्या रानाला इतकं बी लागतं, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. मशीनचा आकडा त्याहून कमी आला की तो आपल्याकडे संशयाने बघतो, आणि त्याचं चुकत नाही. उतारावर शंभर मीटर चाललं आणि उतार तीस अंशांचा असला, तर नकाशावर ते अंतर सत्याऐंशी मीटरच भरतं. क्षेत्र नकाशावरचं धरायचं असतं. सातबाऱ्यावरही तसंच धरलेलं असतं. हा फरक तेरा हजारांच्या यंत्रातही येतो आणि साडेसहा लाखांच्या यंत्रातही. पैसे ओतून जी गोष्ट सुटत नाही ती निदान तोंडाने समजावता आली पाहिजे, म्हणून मोजणीच्या आधी समितीच्या बैठकीत एक वही तिरपी धरून तिची सावली जमिनीवर पाडून दाखवायची प्रथा आम्ही घातली. त्यानंतर ‘मशीन खोटं बोलतं’ ही तक्रार पुष्कळ कमी झाली.

दोन हाती यंत्रांमधला फरक झाडीत गेल्यावर कळला. स्वस्त यंत्राचा अँटेना चपटा, आतल्या पट्टीवर बसवलेला; ते तळहातावर आडवं, आकाशाकडे तोंड करून धरावं लागतं. महागड्याच्या डोक्यावर आखूड दांडा होता आणि त्यात तारांचे वेढे. ते उभं धरलं की चांगलं चालतं. माणूस चालताना हात खाली सोडतो, यंत्र मांडीशी झुलतं, आणि अंगच अर्धं आकाश अडवतं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असताना दोन्ही यंत्रं सारखीच वागली. पावसाळ्यानंतर, ओल्या पानांच्या छताखाली आणि दरीच्या कडेला, चपट्या अँटेनाची रेघ उड्या मारू लागली. संदेश कड्यावर आदळून वळसा घेऊन येतो, यंत्राला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे, आणि आपण नाल्यापलीकडे उभे असल्याचं ते बिनधास्त दाखवतं. यावर आम्ही दोन उपाय केले. मोजणी शक्यतो होळीच्या सुमाराला ठेवायची, आणि यंत्र काठीच्या टोकाला बांधून डोक्याच्या वर न्यायचं. काठी फुकट मिळाली. तिच्यामुळे दोन यंत्रांच्या किमतीतलं अंतर निम्मं तरी भरून निघालं असेल.

तरी शेवटी आम्ही महागड्याच्या बाजूला झुकलो, ते वेगळ्याच कारणाने.

कायद्याप्रमाणे हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. म्हणून बांधावरून चालताना मशीन बाईच्या हातात द्यायचं, असा आमचा आग्रह असे. एका पाड्यावर अशीच एक बाई मशीन घेऊन पुढे निघाली. मागे नवरा, समितीतले दोन म्हातारे, वनरक्षक आणि मी. खालच्या कोपऱ्यात नवरा वळला, पण ती सरळ चालत राहिली. तो ओरडला, “तिकडे कुठे? बांध इथे आहे.” ती म्हणाली, “मोह आपल्या बांधावर आहे. रेघ त्याच्या आतून गेली, तर उद्या फुलं वेचताना कोणी अडवायचं.” वनरक्षक म्हणाला, “बाई, झाड शेतात नाही, कडेला आहे.” समितीतल्या म्हाताऱ्याने झाडाच्या बुंध्याशी असलेली दगडांची जुनी रास काठीने उकरून दाखवली. ती त्या शेताच्या आधीच्या पिढीने रचलेली होती. वाद तिथे मिटला. बाई मोहाला वळसा घालून आली आणि तिने मशीन आमच्यापुढे धरलं. पडद्यावर शेताची रेघ त्या कोपऱ्यात फुगलेली स्पष्ट दिसत होती. नवऱ्याने पाहिली, म्हाताऱ्यांनी पाहिली, वनरक्षकाने मान वाकवून पाहिली. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांनाही आपलं शेत त्या रेघेत ओळखू आलं.

हे भर दुपारी घडलं, म्हणून नोंदवून ठेवण्याजोगं आहे. महागड्या यंत्राचा पडदा उन्हात जास्तच ठळक दिसायचा. स्वस्त यंत्राचा पडदा इतका लहान की मोहाचा तो फुगवटा त्यावर कळलाच नसता. फोनचा पडदा उन्हात काळा पडायचा. तो पदराखाली धरून एकट्यानेच बघावा लागे. आणि मोजणी तर सगळ्यांनी मिळून बघायची गोष्ट. आकडा किती काटेकोर आहे यापेक्षा तो तिथल्या तिथे पाच माणसांना पटतो का, हे आमच्या कामात जास्त मोलाचं होतं, कारण पुढे तक्रार झाली तर साक्षीला तीच पाच माणसं येणार. पानावर मी लिहिलं, ‘पडदा : रंगीत, भर उन्हात हातभर अंतरावरून दोन-तीन जणांना दिसेल असा.’ दुकानदाराने फोन करून विचारलं, “मॅडम, ही कसली स्पेसिफिकेशन?”

त्याच्या पुढच्या ओळी कोरड्या, पण पुढे त्यांनीच तारलं. सेल : यंत्र डबल ए आकाराच्या साध्या पेन्सिल सेलवर चालणारं हवं, आत बंद केलेल्या बॅटरीचं नको. पाड्यावर वीज आली तरी ती राहते असं नाही, पण सेल आठवडी बाजारात टॉर्चच्या शेजारी टांगलेले असतातच. स्वस्त झिंकचे सेल दुपारपर्यंत मान टाकतात. अल्कलाइन चांगले टिकतात. चार्ज करून वापरायचे घेतले तर सेलचा प्रकार यंत्राच्या सेटिंगमध्ये सांगावा लागतो, नाहीतर ते भरलेला सेल रिकामा दाखवतं. बटणं : घामेजल्या, मातीच्या हातांनी दाबता येतील अशी; पावसाच्या थेंबांनी स्पर्शपडदा भलतीकडेच पळतो. केबल : यंत्राबरोबर एक आणि जादाची एक, कारण जुन्या धर्तीचं मिनी यूएसबी टोक हल्ली तालुक्याच्या गावी शोधून मिळत नाही. फाइल : जीपीएक्समध्ये बाहेर काढता आली पाहिजे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएसमध्ये किंवा गूगल अर्थवर ती थेट उघडते आणि शेताची रेघ २००५च्या आसपासच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघता येते. नियमांच्या २०१२च्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलं आहे की असं चित्र बाकीच्या पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते घेता येणार नाही. म्हातारीची साक्ष आणि दगडांची रास यांचं वजन चित्र आलं म्हणून कमी होत नाही.

आणखी एक ओळ मी ठळक केली, कारण तिच्यापायी एका कार्यालयात दाव्यांचा गठ्ठाच अडला होता. अक्षांश-रेखांश दोन पद्धतींनी लिहितात. एकात अंशाचे दशांश, दुसऱ्यात अंश-मिनिट-सेकंद. अक्कलकुव्याजवळच्या एका शेताचा अक्षांश यंत्रात २१.५५३० असा होता. टेबलावरच्या माणसाने तो २१ अंश ५५ मिनिटं ३० सेकंद असा उतरवला. वास्तविक तो २१ अंश ३३ मिनिटं ११ सेकंद होता. एका टिंबाच्या वाचनाने शेत चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, थेट नर्मदेकडे सरकलं, आणि ‘सदर जागा गावाच्या हद्दीत नाही’ असा शेरा बसला. यावर कुठलंही महाग यंत्र उपाय नाही. सगळ्या यंत्रांत एकच पद्धत लावायची आणि तीच पद्धत छापील तक्त्यावर घालायची, एवढं पुरतं.

फोनवाल्या कार्यकर्त्याची बाजूही मांडायला हवी, कारण काळ त्याच्या बाजूने सरकला आहे. उपग्रहांचा संदेश वातावरणाच्या वरच्या थरातून येताना रेंगाळतो. दोन वेगवेगळ्या लहरींवर तो ऐकला तर हे रेंगाळणं बरंचसं वजा करता येतं. पूर्वी ही सोय महागड्या यंत्रांतच असे. २०१८पासून एल-१ आणि एल-५ या दोन्ही लहरी घेणारे फोन बाजारात आले आणि आज मध्यम किमतीतही मिळतात. असा फोन मोकळ्या रानात आमच्या हाती यंत्राची बरोबरी करतो. नेटवर्क नसलेल्या जागी मात्र त्याला धीराने घ्यावं लागतं. एरवी उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन इंटरनेटवरून आयती घेतो. ती नसली तर उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक प्रसारित व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र कुठलंही असो, शेतावर पोचल्यावर ते सुरू करून मोकळ्या जागी ठेवायचं आणि आपण समितीशी बोलत बसायचं. तेवढा वेळ तसाही बोलण्यात जातोच.

जाहिरातीतल्या शब्दांपैकी ‘नाविक’ या शब्दाबद्दल लोक हमखास विचारतात, कारण ती आपली यंत्रणा. चौकशी एवढीच करायची की यंत्र एल-५ लहर घेतं का. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-१वर बोलतच नव्हते. ती सोय २०२३च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली. नुसत्या एल-१च्या यंत्रावर नाविकचं नाव छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारावेत. आणि अमेरिकेतला भाचा प्रेमाने एखादं यंत्र पाठवतो म्हणाला, तर ते उपग्रहावरून निरोप पाठवणारं नाही ना, हे आधी बघावं. नुसतं संदेश ऐकणारं जीपीएस बाळगायला हरकत नाही, पण उपग्रहाकडे संदेश पाठवणारं उपकरण परवान्याशिवाय आपल्या देशात चालत नाही. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पर्यटक महिलेला त्यापायीच अडवलं होतं.

आम्ही अखेर काय घेतलं? बत्तीस हजारांची यंत्रं, पण मागायची ठरवली होती त्याच्या निम्मी. उरलेल्या पैशांत टेप, सेल, जादा केबली, छापील तक्ते आणि वनहक्क समित्यांतल्या तरुण पोरापोरींचं प्रशिक्षण. देणगीदारांना अहवालात यंत्रांचे फोटो हवे असतात, प्रशिक्षणाचा फोटो म्हणजे सतरंजीवर बसलेली माणसं; त्यामुळे या वाटणीवर बरीच वादावादी झाली. काका आमच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा हिशेबनिसाचा होता : यंत्राची किंमत दर वर्षी घसारा धरून कमी होते, शिकलेल्या पोराची होत नाही.

प्रशिक्षणात आम्ही मेनूतली निम्मी बटणं शिकवलीच नाहीत. मोकळ्या जागी थांबणं, रेघ सुरू करणं, बांधावरून न रेंगाळता चालणं, कोपऱ्याच्या दगडाशी उभं राहून त्या जागेची सरासरी घेऊ देणं, रेघ बंद करून शेतकऱ्याच्या नावाने साठवणं, आणि आकडा हेक्टर-आरमध्ये वाचून सगळ्यांसमोर मोठ्याने सांगणं. मग तोच आकडा गुंठ्यांत. तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांचा एक गुंठा पोरं जमिनीवर आखून दाखवत, म्हणजे बाकीच्यांना अंदाज येई.

पुढच्या वर्षी धडगावकडच्या एका पाड्यावरचे काही दावे क्षेत्राच्या कारणावरून फेरतपासणीला परत आले. ते कळल्यावर आम्ही जीप कधी मिळेल, कोण जाईल, याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात टेकडीवरच्या त्या दगडावरून तिथल्या समितीच्या मुलीचा फोन आला. वनरक्षकाला रीतसर कळवून, त्याला सोबत घेऊन, त्यांनी सगळी शेतं पुन्हा मोजून काढली होती. तिला विचारायचं एवढंच होतं की नवे आकडे तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचे.